सोबतचं पहिलं पान

उज्वला विधाते शेवंती खुडत होती तेव्हा मोबाईलवर दवाखान्याच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं प्रूफ आलं. मखमलाबादच्या मळ्यात ती सकाळपासून वाकलेली होती. कंबर सरळ करायला निमित्त हवंच होतं. तिनं पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि बांधावर बसून वाचायला घेतलं. तिनं चार पानं लिहून दिली होती. इथं दीडच होतं, आणि तिचा पहिला परिच्छेद कुठं सापडेना. त्या जागी लिहिलं होतं, ‘१९९४ साली रुग्णालयाचे तत्कालीन कार्यवाह कै. रंगनाथराव यांच्या प्रेरणेने परिसरातील सेवाभावी भगिनींनी एकत्र येऊन सोबत या स्वयंसेवी गटाची स्थापना केली.’

‘प्रेरणेने’ या शब्दावर तिची नजर अडकली ती हलेना. शेजारच्या वाफ्यातून नवऱ्यानं काहीतरी विचारलं, ते तिला ऐकूच गेलं नाही. अर्धी पाटी फुलं तशीच ठेवून ती घराकडे निघाली.

पंचवटीतला तो दवाखाना पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी पदरमोड करून उभा केला. कुणी विटा दिल्या, कुणी श्रमदान केलं. पाटीवर लांबलचक नाव आहे, पण लोक त्याला अजून वर्गणीचा दवाखाना म्हणतात. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची माणसं एसटीनं येतात आणि थेट तिथं जातात. अशा एकट्यादुकट्या माणसाच्या शेजारी बसायचं, त्याचा केसपेपर काढायचा, त्याचं नाव पुकारलं की त्याला उठवायचं, डॉक्टरांचं बोलणं त्याला समजेल असं सांगायचं, हे सोबतचं काम. एकतीस वर्षं ते चाललं होतं. बायका बहुतेक फुलमळ्यांतल्या. पहाटे बाजार आटपायचा आणि नऊला दवाखान्यात हजर व्हायचं. उज्वला सव्वीस वर्षांची असताना त्यात आली, आता त्रेपन्नाची होती.

या सत्तावीस वर्षांत सोबतनं काय नाही केलं. गोदावरीला महापूर आला आणि दवाखान्याच्या तळघरात पाणी शिरलं, तेव्हा भिजलेली रजिस्टरं या बायकांनी गच्चीवर नेऊन पान पान उन्हात वाळवली होती. करोनात त्यांना आत येऊ देईनात, तर त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. आतल्या पेशंटचा निरोप बाहेर, बाहेरचा डबा आत. त्यात अक्काबाई गेल्या. सोबतच्या पहिल्या पाचांतल्या त्या, आणि त्या पाचांत लिहितावाचता येणाऱ्या एकट्याच. हे सगळं उज्वलानं लिहिलं होतं. पण सुरुवात तिनं बयाबाईपासून केली होती, कारण सुरुवात तिथूनच झाली होती.

ही गोष्ट सोबतमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी सांगितली जाई. पेठकडची एक तरणी बाई पोट धरून दवाखान्यात आली. बाकावर एकटीच बसली. बाबूनं केसपेपरवर तिचं नाव बायजाबाई लिहिलं. आतून बायजाबाई म्हणून पुकारा झाला, कुणी उठलं नाही. तीनदा पुकारलं आणि पेपर तळाशी गेला. दवाखान्याच्या फाटकाशी हार विकणाऱ्या ठमाबाईनं दहाच्या सुमाराला तिला पाणी दिलं होतं. चारच्या आत ठमाबाई पुन्हा डोकावली, तर ती भिंतीला डोकं टेकून गेलेली. आजूबाजूच्यांना वाटलं, झोपली आहे. पुढच्या आठवड्यापासून ठमाबाईनं हाराची पाटी बाहेर ठेवली आणि ती आत जाऊन उभी राहायला लागली. तीच सोबत. गोष्ट संपली की ठमाबाई म्हणत, हे आपल्याआपल्यात बरं का, बाहेर नको. उज्वलाला तो त्यांचा साधेपणा वाटे. मोठेपणा मिरवायचा नाही म्हणून सांगत असतील.

दुसऱ्या दिवशी ती कार्यवाहांच्या खोलीत गेली. कुंदन हा रंगनाथरावांचा मुलगा. वडिलांमागे ट्रस्टचा कारभार त्याच्याकडे आला होता. बोलायला गोड. त्यानं तिला बसवलं, चहा मागवला, घरची चौकशी केली. मग म्हणाला की स्मरणिका आनंदाची गोष्ट असते, पन्नास वर्षांत इतकं चांगलं घडलं, त्याची सुरुवात एका बाईच्या मरणानं कशाला करायची. आणि दुसरं म्हणजे ती गोष्ट ऐकीव आहे. मृत्यूच्या रजिस्टरात नोंद आहे, ती त्यानं स्वतः पाहिली होती. पेशंट अत्यवस्थ अवस्थेत आणला, उपचारापूर्वी मृत्यू.

“म्हणजे आल्या आल्या गेली?” उज्वलानं विचारलं.

“नोंद तसं सांगते, ताई.”

“सकाळपासून बाकावर होती ती.”

“कोण सांगतं? ठमाबाई. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात. समारंभात आपण त्यांना शाल देतोय, पहिल्या रांगेत बसवतोय. त्यांचा मान राखतोय ना आपण? मग आणखी काय पाहिजे?”

चहा आला होता. उज्वलानं तो घेतला नाही. खोलीच्या दाराशी चैताली उभी होती, स्मरणिकेचं काम पाहणारी. तिनं मान खाली घातली होती. परिच्छेद काढणारा हात तिचाच असणार, पण सांगणारं तोंड दुसरं होतं, हे उज्वलाला कळत होतं. तिला राग कुणाचा आला हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. माणूस मेलं, ते मेलं. पण ते मेलं हेसुद्धा आता ऐकीव झालं होतं.

घरी येऊन तिनं सोबतची पहिली वही काढली. अक्काबाई गेल्यापासून ती तिच्याकडेच होती. पहिल्या पानावर अक्काबाईंच्या वळणदार अक्षरात तारीख होती आणि खाली एवढंच, ‘बयाबाई बुधा, उंबरपाडा, ता. पेठ. हिच्यामुळे.’ ते पान उज्वलानं शंभरदा पाहिलं असेल. त्या गावी जावं असं मात्र सत्तावीस वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं, आणि आता त्याची तिला लाज वाटली.

गुरुवारी तिनं पेठची एसटी पकडली. सावळघाट, मग कोटंबीचा घाट, मग पेठला उतरून जीप. उंबरपाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली तीसेक घरं. भात कापून झाला होता, खळ्यात नागली पडलेली होती. बुधा अजून तिथंच राहतो हे जीपवाल्यानंच सांगितलं. साठीला टेकलेला, काटक माणूस. पुढच्या पडवीत तो सुपं विणत बसला होता. त्याची मुलगी झुंबर माहेरी आलेली होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं.

दवाखान्याचं नाव काढताच बुधाचे हात थांबले. उज्वलानं घाईनं सांगितलं की ती डॉक्टर नाही, कचेरीतलीही नाही, तिथं येणाऱ्या माणसांच्या सोबतीला बसणारी बाई आहे. बयाबाईची गोष्ट लिहायची आहे, म्हणून आली आहे.

“काय लिवनार?” बुधा म्हणाला. “मी तिला उशिरा आनली, हेच ना?”

उज्वलाला समजेना. उशिरा कशी? ती तर सकाळपासून तिथं होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बुधा बायकोला पहिल्या गाडीनं घेऊन गेला होता. आठला ती दोघं दवाखान्यात होती. खिडकीतल्या बाबूनं केसपेपर केला आणि म्हणाला, फुकट तपासायचं तर तहसीलचा दाखला लागेल, जा घेऊन ये, बाईला बसू दे इथंच. बुधा परत पेठला गेला. तहसिलात साहेब जेवायला गेले होते. दाखला घेऊन तो दवाखान्यात पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता, आणि बाकावर बया नव्हती. त्याला आत नेलं. एका मोठ्या साहेबानं सांगितलं, फार उशिरा आणलंत, थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती. कागदावर अंगठा घेतला, शिक्का मारून एक कागद हातात ठेवला आणि प्रेत ताब्यात दिलं.

“दाखला माझ्या हातात व्हता,” बुधा म्हणाला. “तो बगायलाबी मागितला नाय कुनी.”

बयाबाईच्या माहेरच्यांनी तोच शब्द धरला. उशिरा नेली. तिचा भाऊ सावळीराम तेव्हा शाळेत मास्तर लागलेला, शिकलेला माणूस, त्यानं कागद वाचून दाखवला होता सगळ्यांना. बायको मरत होती आणि हा दिवसभर कुठं उंडारत होता, असं भर मयतीत विचारलं. बुधानं दाखला दाखवला, तर म्हणाला, हा तर दुपारचा आहे, तोवर काय करत होतास. तेव्हापासून सावळीराम या घराची पायरी चढला नव्हता. झुंबर तेव्हा दोन वर्षांची. तिच्या लग्नात मामा आला तो मांडवाच्या बाहेर उभा राहून गेला.

“मलाबी वाटतं कदी कदी,” बुधा म्हणाला, “आदल्या रातीच निगालो असतो तर.”

आठला आलेल्या बाईला दवाखान्यानंच अडकवून ठेवलं होतं, तिच्या माणसाला दवाखान्यानंच घालवलं होतं, आणि वर दोष त्याच्याच पदरात बांधून पाठवलं होतं. एकतीस वर्षं हा माणूस ते ओझं वाहत होता. आणि इकडे त्याच दवाखान्यात दरवर्षी सोबतच्या वाढदिवसाला पेढे वाटले जात होते. पेढे वाटणाऱ्यांत उज्वलाही होती.

परतीच्या गाडीत एक गोष्ट तिच्या डोक्यात घुमत राहिली. बुधा संध्याकाळी आला तेव्हा ठमाबाई तिथं होत्याच. प्रेत पाहून त्या घरी थोड्याच गेल्या असतील.

ती सरळ ठमाबाईंकडे गेली. ठमाबाई नात्यानं तिच्या चुलतसासू. उज्वला सोबतमध्ये आली ती त्यांचा हात धरून. ओट्यावर बसून त्या अबोलीचा गजरा ओवत होत्या. बोटं वाकडी झाली होती, पण सुई चुकत नव्हती.

“काकी,” उज्वलानं उभ्याउभ्याच विचारलं, “बुधाला त्या दिवशी काय सांगितलं, ते तुम्हाला माहीत होतं?”

ठमाबाईंनी वर पाहिलं नाही. “व्हतं,” म्हणाल्या.

“उशिरा आणली म्हणून सांगितलं त्याला.”

“मी दाराशी उभी व्हते. ऐकलं.”

उज्वलाला वाटलं होतं की त्या नाही म्हणतील, विसरले म्हणतील. हे उत्तर तिला झेपेना. ती खाली बसली. मग ठमाबाईंनीच सांगितलं. बुधा प्रेत घेऊन गेल्यावर दोन दिवस त्यांनी फाटकाशी येईल त्याला ही गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवशी रंगनाथरावांनी त्यांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. म्हणाले, बाई, तुमची कळकळ खरी आहे. तुम्ही आत येऊन उभ्या राहा, चार बायका आणा, लोकांना वाट दाखवा, कुणी अडवणार नाही. पण त्या पेठच्या बाईचं नाव फाटकाबाहेर निघालं, तर दार बंद.

“आणि तुम्ही बरं म्हणालात.”

“म्हनले. दुसऱ्या आठवड्यात सुरगाण्याची एक पहिलटकरीण आली, एकलीच, पाण्यावाचून सुकलेली. तिला मी हाताला धरून आत नेली. ती वाचली, पोरबी वाचलं. मी भांडत बाहेर बसले असते तर ती बाकावरच राहिली असती. आता तू सांग, मी काय करायला पाहिजे व्हतं?”

“तेव्हा नाही तर नंतर बोलायचं होतं. वर्षानं, पाच वर्षांनी. रंगनाथराव गेल्यावर तरी. त्या माणसाला जाऊन सांगायचं होतं, काकी. पेठ काही सातासमुद्रापार नाही.”

गजऱ्याची गाठ मारून ठमाबाईंनी तो ओल्या फडक्यात ठेवला.

“ते खरं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या वर्षी भ्याले. मग कामाच्या रगाड्यात सवय झाली. मग लोक पाया पडायला लागले. पाया पडून घेतलेल्या माणसाला असलं सांगायला तोंड राहत नाय.”

उज्वला उठून निघून गेली. इतक्या वर्षांत काकींचा निरोप न घेता त्या ओट्यावरून ती पहिल्यांदाच उतरली. घरी तिनं भाकरी थापल्या त्या दोन करपल्या. नवऱ्यानं काय झालं विचारलं, तर तिनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज इतका चढला की शेजारीण दारात आली. रंगनाथरावांचा राग सोपा होता. कुंदनचाही सोपा होता. काकींचा राग मात्र कुठं धरायचा हे तिला उमगेना, कारण त्या सुरगाण्याच्या पोरीसारख्या हजार पोरी तिनं स्वतःही आत नेल्या होत्या, त्याच उघड्या दारातून.

समारंभाला दोन दिवस उरले असताना ठमाबाई स्वतः मळ्यावर आल्या, नातवाच्या गाडीवर मागं बसून. आत न येता म्हणाल्या, “जीप सांग. रविवारी पेठला जायचं. शाल त्यांच्यापाशीच राहू दे.”

सोबतमध्ये उज्वला धरून एकोणीस जणी होत्या. तिनं सगळ्यांना बोलावून घडलेलं सांगितलं. बैठक चांगलीच तापली. काहींना वाटलं, मेलेलं उकरून काढल्यानं जिवंतांचं नुकसान होईल, उद्या दार बंद झालं तर रोज येणाऱ्या शंभर माणसांचं काय. दोघी तर रडल्या. शेवटी नऊ जणी पेठला निघाल्या आणि दहा जणी समारंभाला गेल्या. त्या दिवसानंतर सोबत पुन्हा कधी एकोणीस जणींची झाली नाही.

रविवारी सभागृहात पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती, तेव्हा ठमाबाई उंबरपाड्याच्या वाटेवर होत्या. उज्वलानं आधी निरोप धाडला होता, त्यामुळे पाड्यातली माणसं जमली होती. सावळीरामही आला होता, पण तो समोरच्या घराच्या ओट्यावर बसला. मधे रस्ता होता. पांढरा सदरा, खिशाला पेन, निवृत्त मास्तर.

ठमाबाईंनी खाट घेतली नाही. उन्हात उभ्या राहून सांगितलं. बाई कधी आली, कोणतं लुगडं नेसली होती, बाबूनं कोणतं नाव लिहिलं, नवऱ्याला कुठं पाठवलं. आपण आतल्या दाराशी काय ऐकलं, आणि कशाच्या बदल्यात गप्प बसलो, तेही. काही चोरून ठेवलं नाही. सगळे ऐकत होते. कोंबड्यासुद्धा अंगणाबाहेर हाकलल्या होत्या कुणीतरी.

बुधानं एवढंच विचारलं, “पानी पिली व्हती का ती?”

“पिली. मीच दिलं. दोन पेले.”

“काय बोलली?”

“म्हनली, माझा मानूस यील आता.”

बुधा उठून ठमाबाईंच्या समोर आला, आणि उज्वलाला वाटलं की तो हात उगारतो की काय. त्यानं हात उगारला नाही.

“तू तिला पानी दिलंस,” तो म्हणाला. “आनि मला एकतीस वर्सं तहानेला ठेवलंस. जा तू आता.”

ठमाबाई हलल्या नाहीत. त्यांनी हात जोडले नाहीत, रडल्याही नाहीत. “जाते,” म्हणाल्या, “पन अजून कुनाला काय इचारायचं असंल तर इचारा. मी खरंच सांगीन.”

समोरच्या ओट्यावरून सावळीराम बोलला. आवाज मास्तराचाच, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असा. बायका म्हाताऱ्या झाल्या की काहीही आठवतं, तो म्हणाला, त्याच्याकडे दवाखान्याचा शिक्क्याचा कागद होता, आणि त्याच्यावर उशिरा आणली असं लिहिलं होतं. याच्याविरुद्ध कागद असेल तर दाखवा. तो उठला आणि वाटेला लागला.

परतताना जीपमध्ये उज्वलाला सावळीरामाचा संताप आला होता, पण त्याच्या एका शब्दानं तिला रस्ताही दाखवला होता. कागद. तो कुठं असेल हे तिला ठाऊक होतं, कारण तिनं तो स्वतःच्या हातांनी वाळवला होता. मृत्यूचं रजिस्टर वेगळं, केसपेपर खिडकीचं वेगळं. खिडकीच्या रजिस्टरात पेशंट आल्याची वेळ असते, आणि चौऱ्याण्णव सालची ती रजिस्टरं पुरानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या फडताळात ठेवलेली होती.

सोमवारी ती दवाखान्यात गेली, तर सोबतचं टेबल उचललेलं होतं. तिथं स्टीलचं टोकनचं मशीन उभं होतं. रखवालदारानं, जो तिला रोज नमस्कार करायचा, एक पाकीट तिच्या हातात दिलं. रुग्णालयानं अद्ययावत व्यवस्था केल्यामुळे सोबत गटाच्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, आजवरच्या योगदानाबद्दल आभार. तिनं ते तिथंच वाचलं. मशीनसमोर एक म्हातारा पडद्यावर बोट दाबत होता आणि पडदा त्याला इंग्रजीत काहीतरी विचारत होता. रखवालदार म्हणाला, “ताई, मला माफ करा, पण आत सोडू नका असं सांगितलंय.”

तिनं फाटकात उभं राहूनच चैतालीला फोन लावला. रागानं तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते. तिनं फडताळ सांगितलं, साल सांगितलं, महिना सांगितला, आणि मग एवढंच म्हणाली की परिच्छेद तू काढलास, तर तो खरा होता की खोटा हे तरी जाऊन बघ. पलीकडून फोन बंद झाला.

चार दिवसांनी मोबाईलवर एक फोटो आला. पाण्याचे पिवळे डाग पडलेलं पान. ‘बायजाबाई बुधा, उंबरपाडा. वेळ ८.१०. नि:शुल्क, दाखला प्रलंबित.’ शेरा म्हणून तीन वेळा लिहिलं होतं, ‘पुकारा, गैरहजर.’ आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, ‘३.४० मयत.’ फोटोखाली चैतालीनं काही लिहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडल्याचं उज्वलाला दुसऱ्याकडून कळलं.

उज्वलानं अर्ज केला. बुधाचा अंगठा, ठमाबाईंचा जबाब, पानाची प्रत. एक अर्ज ट्रस्टला आणि एक धर्मादाय कार्यालयाला. कुंदननं आधी दुर्लक्ष केलं, मग निरोप पाठवला की नव्या इमारतीत एका खोलीला बयाबाईचं नाव देऊ, अर्ज मागं घ्या. उज्वलानं बुधाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, खोलीचं काय करू, मला कागद पाहिजे. तीन महिने ती खेटे घालत राहिली. मधल्या काळात समारंभाला गेलेल्या दहा जणींतल्या चौघी आपणहून तिच्याकडे आल्या, आणि त्या तेराजणींनी सरकारी दवाखान्यात परवानगी मागून नव्यानं काम धरलं. ठमाबाईही येत. उज्वला त्यांच्याशी कामापुरतं बोले. त्यांनीही त्यापेक्षा जास्त कधी मागितलं नाही.

होळीच्या आधी ट्रस्टचं पत्र मिळालं. दिलगिरीचा शब्द त्यात नव्हता. धर्मादाय कार्यालयातून विचारणा झाल्यावर वकिलाला दाखवून लिहिलेलं ते चार ओळींचं पत्र होतं. उज्वला ते घेऊन उंबरपाड्याला गेली. या वेळी एकटीच.

झुंबरनं मामाला बोलावून घेतलं होतं. तो पुन्हा समोरच्याच ओट्यावर बसला. बुधानं कागद उज्वलाच्या हातातून घेतला, उलटसुलट करून शिक्का पाहिला, रस्ता ओलांडला आणि सावळीरामाच्या मांडीवर ठेवला.

“वाच,” तो म्हणाला. “मोठ्यानं.”

सावळीरामानं चष्मा लावला. त्यानं वाचलं की सदर महिला रुग्णाची नोंदणी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी झाली होती, नातेवाईकास उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाठवण्यात आले होते, दुपारी तीन चाळीसपर्यंत रुग्णाची तपासणी झाली नव्हती, आणि ‘उशिरा आणले’ ही पूर्वीची नोंद वस्तुस्थितीस धरून नव्हती. शेवटच्या ओळीला त्याचा मास्तराचा आवाज बसला. लोक गोळा झाले होते. सावळीराम कागदाकडे पाहत राहिला आणि पुटपुटला, साडेसात तास.

मग त्यानं कागद घडी करून बुधाला द्यायला हात पुढं केला. बुधानं तो घेतला नाही.

“एकतीस वर्सं मी ऐकलं,” तो म्हणाला. “आता तू ऐक. परत वाच, पयल्यापासून.”

सावळीरामानं एकदा उज्वलाकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. त्यानं घडी उलगडली, चष्मा पुसला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.